इनास, सील तू नीट बसवलं होतंस

इनास,

गेल्या गुरुवारी नंदाखाल गावच्या देवळामागे तुझ्यावर मूठभर माती टाकली आणि आगाशीला परत आलो. सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीवरच बसलो. बायकोनं आतून विचारलं, "झालं सगळं?" मी हो म्हटलं. हात धुवायला उठायचं लक्षात आलं नाही.

फादर तुझ्याबद्दल चांगलं बोलले. कष्टाळू माणूस, कुणाच्या विहिरीवरचा पंप बंद पडला तर भरल्या ताटावरून उठून जाणारा. सगळं खरं होतं. पण तू विमानाची इंजिनं दुरुस्त करायचास, आयुष्याची सतरा वर्षं तू दुसरं काही केलं नाहीस, हे त्यांनी टाळलं. मेलेल्या माणसाची दुखरी जागा कशाला उघडी करायची, असं त्यांना वाटलं असेल. माझ्या पुढच्या बाकावर मात्र दोघं जण हळू आवाजात बोलत होते. एक म्हणाला, "विमान पाडलं तो हाच ना?" दुसरा म्हणाला, "हाच." मी ऐकलं, आणि तिथंही गप्प बसलो.

गप्प बसायची मला सवय आहे, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आता तू वाचणार नाहीस हे कळत असूनही लिहायला बसलोय.

आपण दोघं एकाच वर्षी फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये लागलो. तू इंजिनाकडे, मी ढाच्याकडे. पंख, शेपटी, चाकं, तारा हे माझं, आणि पंख्यामागचं सगळं तुझं. दोघं वसई तालुक्यातले म्हणून डबा एकत्र खायला लागलो. पहिल्याच वर्षी मी एका विमानाच्या शेपटीत पाना विसरलो होतो. तो तिथंच राहिला असता तर सुकाणूच्या तारांत अडकला असता. तुला तो सापडला. दुसरा कुणी असता तर आधी चीफकडे गेला असता. तू तो पुसून माझ्या पेटीत ठेवलास आणि म्हणालास, "भालू, संध्याकाळी पेटी बंद करताना एकदा सगळ्यांची हजेरी घेत जा." बस्स, एवढंच. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीस. माझे वडील गेले तेव्हा आगाशीला सगळ्यात आधी पोचलास तूच, आणि बांबू, सुतळी, मडकं काय काय लागतं ते कुणाला न विचारता बाजारातून घेऊन आलास. आमच्या पद्धती तुला कशा माहीत, असं काकांनी विचारलं तर म्हणालास, "शेजारी राहतो ना आम्ही."

अशा माणसाशी मी जे केलं ते चांदीपला केलं.

आणीबाणी उठून वर्ष होत आलं होतं. जानेवारी महिना. क्लबचं ते दोन सीटचं विमान पंखाच्या एका जोडणीसाठी कित्येक आठवडे हँगरच्या मागच्या कोपऱ्यात उभं होतं. जोडणी आली, मी बसवली, आणि कॅप्टनसाहेब ते घेऊन उत्तरेकडे चाचणीला निघाले. कॅप्टनसाहेब म्हणजे आपले मुख्य शिक्षक. साठीला आलेला, कडक इस्त्रीचा, पण प्रत्येक उड्डाणानंतर मेकॅनिकला हात जोडून "थँक्यू" म्हणणारा माणूस. विरारच्या पूर्वेला असताना त्यांच्या समोरच्या काचेवर तेल यायला लागलं. बघता बघता पुढचं काही दिसेना. बाजूच्या खिडकीतून डोकं काढून त्यांनी चांदीपच्या एका कापणी झालेल्या भातशेतात विमान उतरवलं. दोन बांध चाकांखाली गेले, पण विमानाला आणि माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

तुम्ही त्याच भागातले, तुम्हीच जा, असं सेक्रेटरींनी सांगितलं. पेटी, नवं सील, चिकटवायचा डिंक आणि तेलाचे डबे घेऊन आपण जीपमधून तिथं पोचलो तेव्हा विमानाभोवती अख्खं गाव होतं. पोरं पंखाखाली सावलीला बसली होती. शेताचा मालक, पांडू नावाचा म्हातारा, हातात काठी घेऊन राखण करत होता. "कोनाला हात लावू दिला नाय," त्यानं सांगितलं. "पन माझे बांध कोन घालनार?"

"आम्ही घालू बाबा," तू म्हणालास. आणि विमान उडाल्यावर, परतायच्या आधी, तू खरंच फावडं घेऊन एक बांध घातलास.

पंखा उतरवायला तासभर गेला. इंजिनाच्या नाकातून क्रँकशाफ्टचं टोक बाहेर येतं, त्याला पंखा बसतो. त्या टोकाभोवती, आतलं तेल बाहेर येऊ नये म्हणून, रबराचं कडं असतं. बांगडीएवढं. तेच सील. तू वाकून बघितलंस. मग दोन बोटं घालून ते कडं अलगद बाहेर ओढलंस. अवजार लागलंच नाही.

"बघ," तू म्हणालास. "आतल्या कडेचे ओठ शाबूत आहेत. चिरलेलं नाही, कडक झालेलं नाही. हे सील खराब झालेलं नाहीच, भालू. ह्याला आतून कुणीतरी ढकललंय."

"म्हणजे?"

"इंजिनाच्या पोटात दाब साठला. ब्रीदर तुंबला असणार. मी हे बसवायला घेतो, तू ब्रीदर बघ. नुसता बघू नको, काढून फुंक."

ब्रीदर म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर सोडणारी बोटभर जाडीची नळी. वरून निघते, मागच्या पत्र्याला लागून वळते आणि खाली विमानाच्या पोटाशी उघडते. ती काढायची तर मागच्या अंगाचा एक स्क्रू सोडवावा लागतो.

तू तुझ्या कामाला लागलास. त्याआधी आपला वाद झाला, तो आठवतोय का तुला? मी म्हणत होतो की कडं एका जागी कापू, शाफ्टभोवती गुंडाळू, कापलेली टोकं चिकटवू, तासात मोकळे होऊ. तसं करायची रीत होती आणि चालायचंही. तू ऐकेनास. "कापलेलं ते कापलेलं. अख्खं चढवायचं." अख्खं कडं शाफ्टच्या टोकाच्या रुंद चकतीवरून ताणून पलीकडे न्यायचं म्हणजे रबर मऊ करायला गरम पाणी हवं. पांडूबाबाच्या म्हातारीनं चुलीवर टोप चढवला. "चायसाठी का पानी?" तिनं विचारलं. तू म्हणालास, "नाही आजी, ह्या बांगडीला अंघोळ घालायचीय." ती इतकी हसली की पदर तोंडाला लावून मागं वळली. नंतरही पुष्कळ वेळा मी तुला म्हटलं की कापून बसवलं असतं तरी चाललं असतं, आणि तू प्रत्येक वेळी मान हलवायचास. तो वाद तसाच राहिला.

तुझे हात मी तिथं बसून बघितले. बसायची जागा आधी कापडानं, मग पेट्रोलनं, मग कोरड्या कापडानं पुसलीस. शाफ्टवर नख फिरवून कुठं चर पडलाय का बघितलंस. कडं पाण्यातून काढून, दोन्ही अंगठ्यांनी थोडं थोडं ताणत, चकतीच्या पलीकडे नेलंस. आतली बारीक स्प्रिंग वेगळी गुंडाळून तिची टोकं एकमेकांत अडकवलीस. कडेला डिंक लावलास आणि लाकडाच्या पट्टीनं गोल गोल फिरत, एका बाजूला जास्त नाही, दुसऱ्या बाजूला कमी नाही, असं ते जागेवर बसवलंस. इतकं नेटकं काम मी पुन्हा बघितलं नाही.

आणि मी काय करत होतो? मी मागच्या स्क्रूशी झटत होतो. तो गंजला होता. स्क्रूड्रायव्हर घसरला आणि माझं बोट कापलं. तेवढ्यात विरारहून आलेला हवालदार पंचनाम्यासाठी नावं विचारायला लागला. त्याला नावं सांगितली, बोटाला चिंधी बांधली. स्क्रूकडे परत जायचा कंटाळा आला. इनास, कारण एवढंच होतं. कंटाळा. मी विमानाखाली वाकून नळीचं खालचं तोंड बघितलं. त्यातून तेलाचा एक थेंब लोंबत होता. म्हटलं, तेल येतंय म्हणजे मोकळी आहे.

तू हात पुसत विचारलंस, "ब्रीदर फुंकलास?"

"फुंकला."

"नक्की?"

"अरे, फुंकला म्हणतोय ना. मोकळा आहे."

तू मान डोलावलीस. मग सील कशानं बाहेर आलं याचा तू विचार करत राहिलास, हे मला दिसत होतं. डिंक वाळायला तू पूर्ण दिवस मागून घेतलास. सेक्रेटरींचा निरोप आला होता की उद्याच आणा, तरी तू परवावर अडून राहिलास. तिसऱ्या दिवशी पंखा चढवला, दहा मिनिटं इंजिन चालवलं. तू खाली झोपून बॅटरीच्या उजेडात बघितलंस. एक थेंब नव्हता. मग माझ्या शब्दावर तू पुस्तकात सही केलीस. इंजिनाचं लायसन्स तुझं होतं, सही तुझीच लागायची.

गावकऱ्यांनी विमान धावण्यापुरते बांध सपाट करून दिले होते. कॅप्टनसाहेबांनी दोघांना हात जोडून "थँक्यू" म्हटलं. विमान धसकटांवरून धडधडत गेलं, उचललं, पोरं ओरडली, पांडूबाबानं डोक्यावरची टोपी काढून हलवली. तेव्हा आपल्या दोघांनाही आनंद झाला होता. माझाही खोटा नव्हता. नळीची गोष्ट मी विसरूनच गेलो होतो.

विमान कामणच्या डोंगराला वळसा घालून खाडीकडे गेलं. पूर्ण ताकदीवर चढताना इंजिनाच्या पोटात पुन्हा दाब साठला आणि तू बसवलेलं सील पुन्हा बाहेर फेकलं गेलं. ह्या वेळी तेल इतकं गेलं की इंजिन जाम झालं. पंखा थांबला. खाली जूचंद्रकडची मिठागरं होती. कॅप्टनसाहेबांनी बांध चुकवायचा प्रयत्न केला, पण चाक अडकलं आणि विमान नाकावर उलटलं. मिठागरातल्या लोकांनी त्यांना ओढून काढलं. जीव वाचला, पाठीचा कणा मोडला. ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

आपण तिथं पोचलो तेव्हा त्यांना नेलं होतं. विमान काळ्या चिखलात पालथं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी चौकशीची माणसं यायच्या आधी इंजिन सोडवायला आपल्यालाच लावलं. गुडघाभर चिखलात उभं राहून तू तो मागचा स्क्रू सोडवलास. ब्रीदरची नळी हातात घेतलीस आणि फुंकलीस. हवा गेली नाही. तू ती इंजिनावर आपटलीस. वळणातून एक ढेकूळ पडलं.

खाडीचा चिखल काळा असतो. हे ढेकूळ पिवळं होतं, विटेसारखं भाजलेलं. तू ते बोटांनी फोडलंस. आत वाळलेले कोळी निघाले, एकावर एक ठासून भरलेले. कुंभारीण माशीचं घर; पिल्लांना खायला ती असे कोळी भरून ठेवते. विमान इतके आठवडे कोपऱ्यात उभं असताना तिनं खालच्या तोंडातून आत शिरून ते बांधलं होतं. खालून बघणाऱ्याला ते दिसलं नसतं; मी बघितलेला थेंब बाहेरून ओघळून आलेला होता. फुंकणाऱ्याला कळलं असतं.

तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. मग तू मूठ मिटलीस आणि ती माती खाडीच्या पाण्यात फेकून दिलीस. चौकशीवाल्यांनी नळीत चिखल बघितला, पण त्या विमानात सगळीकडेच चिखल होता.

चौकशी मुंबईला झाली. लांबलचक टेबलामागे तिघं बसले होते. आपल्याला शेजारी शेजारी खुर्च्या दिल्या होत्या. मधल्या साहेबानं तुला विचारलं, "ब्रीदर तपासला होता का?"

"होय," तू म्हणालास.

"कुणी?"

तू थांबलास. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. मी माझ्या बुटांकडे बघत होतो. घरी बायकोला सातवा महिना होता, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पुढेही तेच सांगत राहिलो, मुलगी शाळेत जायला लागल्यावरही.

"मी," तू म्हणालास.

सील बसवण्यात निष्काळजीपणा, असा निकाल आला. तुझं लायसन्स गेलं, क्लबमधून काढलं. आखातातली एक नोकरी तुझ्यासाठी जवळजवळ ठरली होती, तीही अर्थातच गेली. तुझी जागा मला मिळाली नाही, कारण मी इंजिनाचा नव्हतो. पण दोन वर्षांत मला चीफ केलं. ती बातमी घेऊन मी तुझ्याकडे पेढे आणले होते. तू एक खाल्लास.

कॅप्टनसाहेबांना भेटायला तू त्यांच्या घरी गेलास, हे मला नंतर कळलं. पहिल्यांदा त्यांनी तुला आत बोलावलं आणि एकच विचारलं, "इनास, तुझ्या हातून असं कसं झालं?" तू उत्तर दिलं नाहीस. पुढच्या वेळी गेलास तेव्हा साहेब झोपलेत, असं दारातून सांगण्यात आलं. त्याच्या पुढच्या वेळीही. दोन वर्षांपूर्वी ते वारले. त्यांना खरं सांगायचं, असं मी किती वेळा ठरवलं होतं, ते आता सांगून काय उपयोग.

तू विहिरींवरचे पंप आणि अर्नाळ्याच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागलास. केळीच्या बागेत पालथा पडून पंपाचं सील बदलताना मी तुला कितीदा बघितलं. तेव्हाही बसायची जागा तीन वेळा पुसायचास. शेतकरी वैतागायचे. मी दर रविवारी यायचो. देवळातली मिस्सा आटपून तू ओट्यावर बसलेला असायचास. आपण पाण्याबद्दल बोलायचो, विहिरी खारट होत चालल्यात त्याबद्दल, टँकरबद्दल, माझ्या मुलीबद्दल. क्लबबद्दल तू कधी विचारलं नाहीस.

आणि सिसिलिया वहिनी. तुझ्यावर तिचा जीव होता, पण तिनं तुला माफ केलं नाही. आखाताची स्वप्नं तिनंही बघितली होती. चहाचा कप माझ्या हातात देताना ती माझ्यादेखत तुला म्हणायची, "एवढंसं रबर. एवढंसं रबर नीट बसवता आलं नाही तुला. एका माणसाला पांगळं केलंस, आणि आम्हालाही." तू अंगणात बघत राहायचास. मी चहा प्यायचो. इनास, मी तो चहा नऊ वर्षं प्यालो.

गेल्या पावसाळ्यात तुला कावीळ झाली, बरी झाली म्हणता म्हणता उलटली. दवाखान्यात ठेवल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. त्या मंगळवारी दुपारी मी भेटीच्या वेळेला आलो. वहिनी कपडे बदलायला घरी गेली होती. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी स्टूल ओढून बसलो आणि म्हटलं, "इनास, ब्रीदर मी फुंकला नव्हता."

तू लगेच म्हणालास, "माहीत आहे."

"तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं."

"मग आज कशाला सांगतोस?"

तू थोडा वेळ डोळे मिटलेस. मला वाटलं झोप लागली. मग म्हणालास, "दर रविवारी तू सायकल टेकवायचास तेव्हा मला वाटायचं, आज बोलेल. पहिली दोन-तीन वर्षं फार वाटायचं. ती माती मी फेकली तीही तू आपणहून बोलावंस म्हणून. चौकशीत मी थांबलो होतो, आठवतं तुला?"

"हो."

"लोकांना वाटेल मी तुला वाचवायला 'मी' म्हटलं. तसं नाही. ती तीन माणसं बघत होती, आणि तू मान खाली घालून बसला होतास. मला तुझी लाज वाटली, भालू. इतकी की मला ते संपवायचं होतं. म्हणून म्हटलं."

"मला माफ कर," मी म्हटलं.

तू माझ्याकडे बघितलंस. राग नव्हता. मी राग शोधत होतो, पण नव्हता. "मला आता दम लागतोय," तू म्हणालास. "ते राहू दे."

मी उठायला लागलो तर तू माझं मनगट धरलंस. हाताला काही जोर राहिला नव्हता. "सिसिलला सांगू नकोस."

"का? तिला कळायला नको?"

"नऊ वर्षं ती मला काय काय बोललीय, तू ऐकलंयस. आता कळलं तर ती ते सगळं परत कसं घेईल? मी गेल्यावर घरात ती एकटी असणार. तिला तेवढं तरी राहू दे, की चूक माझीच होती." मग पाणी मागितलंस. मी चमच्यानं दोन घोट पाजले. तेवढ्यात वहिनी आली. तीच आपली शेवटची भेट. बुधवारी पहाटे तू गेलास.

शनिवारी मी विमान वाहतूक खात्याला अर्ज लिहिला. झालं ते सगळं त्यात लिहिलं, ढेकळातल्या कोळ्यांसकट, आणि रजिस्टर पोस्टानं पाठवला. पोस्टातून बाहेर पडताना कळत होतं की काही होणार नाही. चौकशीचे ते तिघंही केव्हाच निवृत्त झालेत, विमान भंगारात गेलं, कॅप्टनसाहेब नाहीत. आणि लायसन्स परत द्यायचं तरी कुणाला?

काल तुझी सातव्या दिवसाची मिस्सा झाली. माणसं पांगली. मी खुर्च्या उचलायला थांबलो. वहिनी ओट्यावर बसली होती. ती आपणहून म्हणाली, "भालूभाऊ, देवळात लोक अजून तेच बोलतात. मेल्यावरही सोडत नाहीत त्याला." आणि मग, "पण बोलणारच ना. केलंच होतं त्यानं तसं."

माझ्या मनगटावरचा तुझा हात मला आठवत होता. खरंच आठवत होता. तरी माझ्या तोंडून गेलं, "वहिनी, सील त्यानं नीट बसवलं होतं. चूक माझी होती."

मी सगळं सांगितलं. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "त्याला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी बोलायचे तेव्हा तो ऐकून घ्यायचा."

तिचा चेहरा मला बघवला नाही. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल, हाकलून देईल, दगड मारला असता तरी बरं वाटलं असतं. तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, हे तुम्ही माझ्याकडे का आणलंत? तो असताना आणायचं होतं. आता मी काय करू ह्याचं?"

ती उठून मागच्या दारानं वाडीत गेली. मी खुर्ची हातात घेऊन तसाच उभा राहिलो. थोड्या वेळानं विहिरीकडून तिचा आवाज आला. ती तुझ्याशी बोलत होती, तुमच्या घरच्या बोलीत. शेजारच्या गावात जन्म काढूनही ती बोली मला नीट कळत नाही, त्यामुळे काय म्हणत होती ते सांगू शकत नाही. एवढं कळलं की ती तुला काहीतरी विचारत होती, मग थांबत होती, आणि पुन्हा तेच विचारत होती.